‘सीएना’: एमएसमधलं मेंदूचं आकसणं मोजायला उत्तम, आकलनाचा अंदाज बांधायला अपुरं

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) मेंदू किती आकसला हे दोन एमआरआयवरून मोजायचं असेल, तर ऑक्सफर्डच्या एफएसएल या मेंदूचित्र-सॉफ्टवेअरच्या संचातलं ‘सीएना’ आजही पहिल्या रांगेत आहे. बिगरव्यावसायिक वापराला फुकट. लिनक्स नि मॅकवर सरळ चालतं, विंडोजवर डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय).

त्याची युक्ती कवटीत आहे. चित्रातून मेंदू सोलून म्हणजे वेगळा काढल्यावर ते कवटी टाकून देत नाही. मोठ्या माणसाची कवटी वर्षभरात बदलत नाही, स्कॅनरचं माप मात्र सरकतं, म्हणून तिच्याच आधारावर दोन्ही स्कॅन जुळवतं. मग दोन्ही चित्रं बरोबर मधल्या जागी आणतं, म्हणजे पुसटपणा दोघांत सारखाच येतो. शेवटी मेंदूची कड किती सरकली यावरून टक्केवारी.

घोळ होतो तो सोलताना. मेंदूची कड कुठे धरायची हे ठरवणाऱ्या मूळच्या ०.५ सेटिंगवर विसंबू नका. आधी मानेचे काप छाटा, मानेचा उरलेला भाग साफ करणारा ‘बी’ पर्याय लावा, तो आकडा ०.१–०.२ वर आणा आणि अहवालातली चित्रं डोळ्यांनी तपासा. डोळ्याच्या खोबणीत रंगीत ठिपके दिसले तर निघालेली टक्केवारी बाद.

निरोगी प्रौढांत वर्षाला साधारण ०.१–०.३ टक्के घट होते. एमएसमध्ये उपचारांविना ०.५ ते १.३५. घट आजारामुळे असावी या संशयाची रेघ बहुधा ०.४ वर ओढतात. सीएनाची स्वतःचीच चूक ०.१५–०.२ टक्क्यांची, त्यामुळे सहा महिन्यांचा फरक त्यात बुडून जातो. स्कॅनर बदलला, शरीरात पाणी कमी पडलं, स्टेरॉइड नुकतंच दिलं, तरी आकडा हलतो. नवं औषध सुरू झाल्यावर सूज उतरते आणि मेंदू आकसल्यासारखा दिसतो. तुलनेचा पाया सहा महिन्यांनंतरच्या स्कॅनवर धरलेला बरा.

आकलनाच्या बाबतीत मात्र हे हत्यार बोथट आहे. विचारांचा वेग मंदावण्याशी थॅलॅमसच्या (मेंदूच्या आतलं, संदेश पुढे पाठवणारं केंद्र) घटीचा संबंध घट्ट, आणि सीएना देतं संपूर्ण मेंदूचा एकच आकडा. थॅलॅमससाठी त्याच संचातलं ‘फर्स्ट’ वापरा, पण आधी चित्रातले एमएसचे डाग आजूबाजूच्या निरोगी भागासारखे भरून घ्या. बाह्यकातले (मेंदूच्या बाहेरच्या थरातले) डाग तर नेहमीच्या एमआरआयवर बहुतेक दिसतच नाहीत.

म्हणून स्कॅनच्याच दिवशी एसडीएमटी ही विचारांचा वेग मोजणारी चाचणी घ्या: नऊ चिन्हं, नऊ अंक, ९० सेकंद, उत्तरं तोंडी. चार गुणांची घसरण दखल घेण्याजोगी. दर वेळी तोच कागद दिला तर सरावाने गुण वाढतात. पर्यायी संच आलटून पालटून वापरा.