कापूस भरलेल्या घरात रोबोट व्हॅक्युम चालतो का? आमच्या घरचा रिव्ह्यू

फ्लॅटवाल्यांसाठी यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत, त्यामुळे हा रिव्ह्यू गावातल्या घरांसाठी लिहितोय. आमचं घर हिंगणघाट तालुक्यात, समोर सपरी, मधात माजघर, मागं स्वयंपाकघर अन बाजूला स्लॅबच्या दोन खोल्या, त्यातली एक खोली दसऱ्यापासून भाव येईपर्यंत कापसानं भरलेली. खाली सगळीकडं टाइल्स. मागच्या दिवाळीत रोबोट घेतला, लेझरवाला, खाली पुसायची टाकी असलेला, वीस हजारांच्या थोडा वर पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही.

घेतला तो आईसाठी. तिला दम्याचा त्रास आहे अन कापूस घरात आला की तंतू, पालापाचोळ्याचा चुरा, काळ्या मातीची बारीक धूळ सगळं उडत राहते, फडा मारला की खालची धूळ वर येते अन तीच नाकात जाते, ती दिवसातून दोन-तीनदा झाडायची अन मग खोकत बसायची, बायको शाळेवर अन मी वावरात, सांगून ऐकायची नाही कारण घर झाडल्याशिवाय तिला चहा गोड लागत नाही. डॉक्टरांनी धुळीपासून दूर राहा म्हटलं, पण कापसाच्या घरात धुळीपासून दूर म्हणजे जायचं कुठं? रोबोट धूळ उडवत नाही, ओढून घेते, अन बाहेर सोडायची हवा फिल्टरमधून काढते, एवढ्यासाठी घेतला. ते काम तो नीट करते. कापसाच्या खोलीला लागून जे माजघर आहे तिथं दुपारी उन्हाच्या तिरपीत जे कण तरंगताना दिसायचे ते आता खरंच कमी दिसतात. आईचा पंप सुटलेला नाही, दमा यानं जात नसते, पण झाडण्यामुळे जी खोकल्याची उबळ यायची ती थांबली. मला एवढंच पाहिजे होतं.

आता कापसाचं. फिरणाऱ्या ब्रशला कापसाचे तंतू असे गुंडाळतात की दोन-तीन खोल्या झाल्या की ब्रशवर चपटी पांढरी पट्टी तयार होते, अन त्यात आईचे अन बायकोचे लांब केस मिसळले की ती पट्टी हातानं तुटत नाही. रोबोट उलटा करायचा, ब्रशवरची जाळी दाबून काढायची, ब्रश बाहेर घ्यायचा अन लांबीत ब्लेड फिरवायचं, मग ती पट्टी सालीसारखी उलगडून येते. खरी मेख दोन्ही टोकांना आहे. ब्रशच्या टोकाला प्लास्टिकची टोपी असते, ती ओढली की आत बेअरिंगपाशी तंतूंचा घट्ट गोळा बसलेला सापडते, तो नाही काढला तर ब्रश जड फिरते, मोटर गरम होते अन मग कंपनी म्हणते मोटर गेली. समोरचं छोटं भोवरी चाकही स्क्रू ड्रायव्हर घालून उचकून काढा, त्याच्या दांडीलाही हेच. कापसाच्या हंगामात हे काम दर एक-दोन दिवसांनी करावंच लागते, उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा केलं तरी चालते. घेताना केसाळ ब्रशचा घेऊ नका, रबरी पात्यांचा घ्या, त्यात तंतू कमी अडकतात अन अडकले तर लवकर निघतात.

आपोआप कचरा खाली करणारा डॉक (रोबोट चार्जिंगला जाऊन बसते ती बैठक) मिळते, पाच-दहा हजार जास्तीचे, तो कापसाच्या घरासाठी घेऊ नका. रोबोटच्या डब्यातून डॉकच्या पिशवीत कचरा ओढायला अरुंद नळी असते, तिथं कापूस बोळ्यासारखा बसते, अन त्या पिशव्या इकडं कुठं मिळत नाहीत. साधा डबा बरा, अर्ध्या लिटरच्या आतबाहेरचा असते, हंगामात एका फेरीत दोनदा रिकामा करावा लागते अन तो आई स्वतः करते, तोंडाला पदर बांधून, उकिरड्याच्या बाजूनं.

दुसरी अडचण उंबरठा. हे रोबोट साधारण दोन सेंटिमीटरचा चढ चढतात, गावातल्या घराचा सागवानी उंबरठा त्याच्या दुप्पट-तिप्पट. एका मित्रानं सल्ला दिला की उंबरठा काढून टाक. आई म्हणाली, "बाबू, मशीनसाठी कोणी लक्ष्मीची जागा हलवते का?" विषय संपला, अन मलाही तिचंच पटलं. सुताराकडून प्लायवूडचे उताराचे तुकडे दोन्ही बाजूंनी करून घेतले, उतार लांब ठेवला, त्यावर जुनी रबरी चटई चिकटवली म्हणजे चाक घसरत नाही. सपरीत मात्र उचलूनच न्यावा लागते, वजन साडेतीन किलोच्या आसपास, जमते.

कडप्प्याचं कोणत्याच रिव्ह्यूत वाचलं नव्हतं म्हणून सविस्तर सांगतो. रोबोटच्या पोटाखाली कडेकडेनं सेन्सर असतात, ते खाली इन्फ्रारेड प्रकाश टाकतात अन तो परत आला की समजतात खाली जमीन आहे, नाही आला की समजतात खड्डा आहे, म्हणून तो पायरीवरून पडत नाही. पण काळा दगड तो प्रकाश गिळून घेते. आमच्या स्वयंपाकघराच्या दारात कडप्प्याची आडवी पट्टी आहे, तिथं येऊन हा मागं सरकायचा, पुन्हा यायचा, पुन्हा सरकायचा, त्याला वाटायचं समोर विहीर आहे. इंटरनेटवर सांगतात की सेन्सरवर टेप लावा. ते अजिबात करू नका, आमच्या सपरीचा ओटा दोन फूट उंच आहे, तिथून पडला तर वरची लेझरची टोपी फुटलीच समजा. त्यापेक्षा कडप्प्यावरच फिक्या रंगाचा रुंद टेप लावा, आम्ही तेच केलं अन तेव्हापासून बिनबोभाट जाते.

लेझरचाच काऊन घ्यायचा? कारण आमच्याकडं लाईट जाते अन रात्री-पहाटेही घर झाडून होते. कॅमेऱ्यावाल्याला उजेड लागते, लेझरला अंधारातही दिसते, वरची टोपी गोल फिरत घराचा नकाशा काढते. आरशासमोर अन काचेच्या दारापाशी तो फसते, आमच्या गोदरेजच्या कपाटाला आरसा आहे, त्यानं नकाशात आरशाच्या आत अजून एक खोली दाखवली होती, मोबाईलवर तिथं रेघ मारली की झालं. देवघरासमोरही तशीच मनाईची रेघ मारून ठेवा, नाहीतर रांगोळी साफ. अन वेळ लावताना तिन्हीसांज टाळा, दिवेलागणीला घर झाडलेलं आईला चालत नाही, अन यंत्रानं झाडलं तरी ते झाडणंच आहे, म्हणून आमचा पहाटे पाचला अन दुपारी तीनला चालते.

लाईटचं गणित बऱ्याच जणांनी विचारलं. बॅटरी १४.४ व्होल्टची, ५२०० एमएएचची, म्हणजे पूर्ण भरायला साधारण ७५ वॅट-तास, एका युनिटमध्ये दहा-बारा वेळा चार्ज होते, बिलात कळतही नाही. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे ओलिताच्या मोटरी चालू झाल्या अन व्होल्टेज पडलं तरी तो चार्ज घेत राहते. झाडता झाडता लाईट गेली तर काम अडत नाही, पण डॉकला करंट नसला की त्याचा सिग्नल बंद पडते अन रोबोट डॉकच्या पुढ्यात येऊन चाचपडत राहते. डॉकची पिन इन्व्हर्टरच्या लाइनवर लावली की हे दुखणं संपते.

उन्हाळ्याचं मात्र ऐका. मॅन्युअलमध्ये चाळीस डिग्रीपर्यंत वापरा असं लिहिलं आहे अन आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाते, टिनाखालच्या खोलीत तर विचारू नका. बॅटरी तापली की चार्जिंग स्वतःच थांबते, ते बिघाड नसते, लिथियम बॅटरी गरम असताना चार्ज केली तर लवकर मरते म्हणून ते थांबवलेलं असते. मे महिन्यात दुपारची फेरी बंद ठेवा अन चार्जिंग रात्री होऊ द्या. डॉक कूलरच्या तोंडाशी ठेवू नका, कूलरचं पाणी फरशीवर ठिबकलेलं असते अन हा सुका कचरा ओढणारा आहे, पाणी ओढलं की आतली मोटर जाते.

पुसण्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. ओलं फडकं ओढत नेते, धुळीचा शेवटचा थर निघते, बस. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलाचे पाय उमटलेले असले तर टाकी लावूच नका, तो चिखल घरभर सारवते. वाळू द्यायचं, ढेकळं फड्यानं काढायची, मग रोबोट. कोंबड्या मोकळ्या सोडल्या असतील तेव्हा सपरीत चालवू नका, कारण सांगायची गरज नाही. तूर-सोयाबीनचे दाणे सांडले असतील तर बाजूचा फिरता ब्रश ते टिचकी मारल्यासारखे कपाटाखाली उडवते, आधी वेचून घ्या.

माझा मामेभाऊ गोव्याला एका मोठ्या बोटीवर कामाला आहे, तिथल्या मालकानं केबिनमध्ये असाच रोबोट ठेवला आहे. फोनवर बोलताना लक्षात आलं की त्याच्या अन आमच्या अडचणी सारख्याच. बोटीवर पाणी आत येऊ नये म्हणून दारांना उंच पट्ट्या असतात, म्हणजे आमचा उंबरठाच, अन किनाऱ्याची वीज नसली की सगळं बॅटरी-इन्व्हर्टरवर. बोट धक्क्याला बांधलेली असतानाच तो चालवतात, कारण रोबोटच्या आत आपण किती वळलो हे मोजणारा सेन्सर असते अन बोट डोलून फिरली की त्याला वाटते आपणच वळलो, लेझर असला तर भिंती पाहून सावरून घेते, बिनलेझरचा भरकटते. जिन्याच्या तोंडाशी त्याचे खालचे सेन्सर वाचवतात, पण बोटीच्या तळात उतरायचं झाकण उघडं असलं तर रोबोट सुरूच करत नाहीत, अन उघड्या डेकवर तर कधीच नाही, खारं पाणी अन खारी हवा चार्जिंगच्या पिना खाऊन टाकते. मामेभाऊ ओल्या फडक्यानं पिना पुसून लगेच कोरड्या करते, ते मी इकडं पावसाळ्यात सुरू केलं, डॉकला न चिकटायची कुरकुर बंद झाली.

सर्व्हिसचा अनुभव वाईट आहे अन तो स्पष्ट लिहितो. वॉरंटीत असताना एक चाक अडकलं, कस्टमर केअरवाल्यानं पिन कोड विचारला अन म्हणाला तुमच्याकडं पिकअप नाही, नागपूरला आणून द्या. आणून दिला, परत मिळाला तो जसाच्या तसा, वर सल्ला की जास्त धुळीत वापरू नका. धुळीत वापरायचा नाही तर व्हॅक्युम क्लिनर घ्यायचा कशाला? विकताना याच पिन कोडवर पार्सल बरोबर येते. शेवटी गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या पोरानं चाकाचा गिअरबॉक्स उघडला, आतून कापसाची वात निघाली, ग्रीस लावलं, तेव्हापासून बंद पडला नाही.

अन एक, मोबाईल ॲपवर सगळी भिस्त ठेवू नका. हे रोबोट काही कालपरवाचे नाहीत, इलेक्ट्रोलक्सचा ट्रायलोबाइट २००१ मध्ये आला, आयरोबोटचा रूम्बा २००२ मध्ये, अन त्याच आयरोबोटनं डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. लेझरवाले रोबोट घराघरात नेणारी नीटो कंपनी २०२३ मध्ये बंद केली गेली. एवढ्या मोठ्या कंपन्यांचं असं होते तर आपण घेतो त्या कंपनीचा सर्व्हर, ज्याच्या भरवशावर ॲप चालते, तो किती वर्षं चालेल कोणी सांगावं. म्हणून वरच्या बटनावर, नेट नसताना, पूर्ण घर झाडणारा आहे का ते आधी पाहा. आमच्या आईला ॲप लागतच नाही, बटन दाबते अन मोकळी. वायफाय जोडायचंच असेल तर बहुतेक रोबोटांना २.४ गिगाहर्ट्झचंच लागते, मोबाईलचा हॉटस्पॉट त्यावर सेट करून घ्या.

टाइल्स किंवा कोबा असेल, घरात म्हातारं माणूस किंवा दम्याचा पेशंट असेल अन ब्रश वरचेवर साफ करायची तयारी असेल तर बिनधास्त घ्या, वीस-बावीस हजारांच्या वर जायची गरज नाही. शेणानं सारवलेल्या जमिनीच्या घरात घेऊ नका, तो पोपडे उकरून डबा भरते, शहाबादी फरशीच्या सांधी खोल असतील तरी चाक अडकते. घेतानाच त्याच ऑर्डरमध्ये दोन फिल्टर, एक जास्तीचा रबरी ब्रश अन बाजूच्या ब्रशची जोडी मागवून ठेवा, फिल्टर कापसाच्या हंगामात दोन महिन्यांत काळा पडते अन धुवायचा असेल तर पुरता सुकल्याशिवाय परत लावायचा नाही.