लाल यीस्ट तांदूळ की स्टॅटिनची गोळी?

रिपोर्टमध्ये एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) वाढलेलं येतं, डॉक्टर ते उतरवणारं स्टॅटिन हे औषध लिहून देतात आणि 'ही गोळी आता जन्माची मागे लागणार' या धास्तीने माणूस पर्याय शोधू लागतो. शोध बऱ्याचदा येऊन थांबतो तो 'रेड यीस्ट राइस'च्या, म्हणजे लाल यीस्ट तांदळाच्या, कॅप्सूलपाशी. डबीवर हिरवं पान, 'नैसर्गिक' हा शब्द आणि चिठ्ठीची गरज नाही. कुणालाही मोह पडावा असाच मामला.

पण आधी हे लाल तांदूळ म्हणजे काय ते बघू. तांदळावर मोनॅस्कस पर्प्युरिअस नावाची बुरशी वाढवली की तो गडद लाल होतो. चीनमध्ये तो शेकडो वर्षं खाण्याच्या रंगासाठी, मद्यासाठी आणि औषधात वापरला गेला आहे. याच कुळातल्या एका बुरशीतून जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७९ साली 'मोनाकोलिन के' वेगळं काढलं. त्याच सुमारास अमेरिकेत मर्क कंपनीने भलत्याच बुरशीतून लोव्हास्टॅटिन मिळवलं होतं. दोन्ही रेणू एकच निघाले. लोव्हास्टॅटिनला १९८७ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे या कॅप्सूलने कोलेस्ट्रॉल उतरत असेल, तर ते मुख्यतः स्टॅटिनमुळेच उतरतं. स्टॅटिन नको म्हणून ही डबी घेणारा स्टॅटिनच घेतोय. फक्त ते किती, हे त्याला ठाऊक नाही.

माझ्या मते सगळी तुलना या 'किती'भोवती फिरते.

गोळीच्या पाकिटावर 'रोसुव्हास्टॅटिन (एक स्टॅटिन) ५ मिग्रॅ' लिहिलेलं असेल, तर आत तेवढंच असतं. डबीवर ठळक अक्षरांत '६०० मिग्रॅ' दिसतं, पण ते लाल तांदळाच्या पुडीचं वजन. त्यातलं मोनाकोलिन किती, हे बऱ्याचदा कुठेच छापलेलं नसतं. अमेरिकेतले २८ ब्रँड तपासणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन ब्रँडमध्ये मोनाकोलिन के सापडलंच नाही. बाकीच्यांत, कंपनीने सांगितलेल्या रोजच्या मात्रेप्रमाणे, ते ०.०९ ते १०.९४ मिग्रॅ भरलं. म्हणजे फरक १२० पटींहून जास्त. एकाही लेबलवर हा आकडा नव्हता. त्यामागे कायद्याची गंमत आहे. अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेच्या, मते ज्या उत्पादनात नाममात्रपेक्षा जास्त मोनाकोलिन के असेल, ते पूरक आहार नसून विनापरवाना औषध ठरतं. मग आकडा छापून स्वतःच्या पायावर धोंडा कोण मारून घेईल? कायद्यात बसणाऱ्या डबीचा फारसा उपयोग नाही आणि उपयोगी पडणारी कायद्यात बसत नाही, असा हा तिढा.

युरोपने वेगळी वाट धरली. युरोपीय संघाच्या २०२२ च्या नियमानुसार रोजच्या मात्रेत मोनाकोलिन ३ मिग्रॅपेक्षा कमी हवं. गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, १८ वर्षांखालची मुलं, सत्तरी ओलांडलेले लोक आणि कोलेस्ट्रॉलची औषधं घेणारे यांनी ते घेऊ नये, असा इशाराही लेबलवर सक्तीचा केला. लोव्हास्टॅटिनच्या गोळीची सुरुवात सहसा २० मिग्रॅपासून होते, त्यापुढे ३ मिग्रॅ किरकोळ वाटेल. पण याच संघाच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नोंदवलं होतं की गंभीर त्रासाच्या काही तक्रारी ३ मिग्रॅवरही आल्या आहेत.

आता गुण येतो का? येतो, पण पुरावा नीट वाचावा लागतो. चीनमध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या जवळपास ५,००० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २००८ मध्ये आलेल्या तिच्या निकालानुसार हार्ट अटॅकसारख्या हृदयाच्या मोठ्या घटना कोरी गोळी घेणाऱ्यांत १०.४ टक्के, तर हे घेणाऱ्यांत ५.७ टक्के झाल्या. मात्र तिथे वापरलं होतं ते प्रमाणित केलेलं अर्करूप औषध. त्याचं श्रेय दुकानातल्या कुठल्याही डबीला देता येत नाही. २०२२ मधली अमेरिकेतली चाचणी ग्राहकाच्या जास्त जवळची आहे. १९० लोक, २८ दिवस. रोसुव्हास्टॅटिन ५ मिग्रॅने एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरलं; लाल यीस्ट तांदळासकट एकाही सप्लिमेंटने बिनऔषधाच्या गोळीपेक्षा ठळक फरक दाखवला नाही.

साइड इफेक्टचं काय? स्नायूंचं दुखणं, यकृताच्या एन्झाइममध्ये वाढ, हे दोन्हीकडे संभवतं, कारण दोन्हीत स्टॅटिनच आहे. डबीच्या वाट्याला आणखी एक धोका येतो, तो बुरशीच्या शेतीचा. मोनॅस्कसच्या काही जाती सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक विष तयार करतात. जपानमध्ये मार्च २०२४ मध्ये कोबायाशी फार्मास्युटिकलला बेनी-कोजीच्या, म्हणजे याच लाल तांदळाच्या, गोळ्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, मूत्रपिंडं बिघडली. तपासात प्युबेरुलिक ॲसिड हे विषारी द्रव्य सापडलं, आणि ते आलं होतं कारखान्यात शिरलेल्या निळ्या बुरशीपासून. नामांकित कंपनी, कडक शिस्तीचा देश, तरी हे घडलं.

ज्यांना स्टॅटिनने अंग दुखतं त्यांची तक्रार खोटी नाही. पण २०२० च्या एका ब्रिटिश चाचणीत अशाच ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने नुसती कोरी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आळीपाळीने दिलं. स्टॅटिनवर झालेल्या त्रासापैकी ९० टक्के त्रास कोऱ्या गोळीवरही झाला! म्हणून डबीकडे वळण्याआधी डोस कमी करून किंवा दुसरं स्टॅटिन घेऊन बघायला हरकत नसते. तरीही जमलं नाही, तर एझेटिमाइब किंवा बेम्पेडोइक ॲसिड ही स्टॅटिन नसलेली कोलेस्ट्रॉलची औषधं आहेत. बेम्पेडोइक ॲसिडचा तर स्टॅटिन न सोसणाऱ्यांवरच अभ्यास झालाय आणि हृदयाच्या मोठ्या घटना १३ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२३ मध्ये दिसलं.

अटॅक येऊन गेलेला, स्टेंट बसवलेला, मधुमेह असलेला किंवा घराण्यातच कोलेस्ट्रॉल असलेला माणूस असेल, तर मी या डबीचा विचारही करणार नाही. एलडीएल थोडंच वाढलंय आणि बाकी धोका कमी आहे, अशांना कदाचित दोन्हीची गरज नसेल. रोजचं इसबगोल किंवा २ ग्रॅम प्लांट स्टेरॉल (वनस्पतींतले कोलेस्ट्रॉलसारखे घटक) यांनी थोडीफार घट होते आणि तीही बऱ्यापैकी खात्रीची.

एवढं होऊनही कुणाला घ्यायचंच असेल, तर मोनाकोलिन के किती आणि सिट्रिनिनची तपासणी झाली का, हे दोन्ही लेबलवर असलेलीच डबी घ्यावी. चालू स्टॅटिनच्या जोडीला ती घेऊ नये, तो दुहेरी डोस होतो. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक), इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं औषध), सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) आणि ग्रेपफ्रूटचा रस यांनी लोव्हास्टॅटिनची रक्तातली पातळी चढते, तशीच याचीही. दवाखान्यात 'कुठली औषधं चालू आहेत?' असं विचारलं की लोक सप्लिमेंट सांगत नाहीत. हे मात्र नक्की सांगावं. सुरू करण्याआधी यकृताची तपासणी, सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तीच आणि लिपिड प्रोफाइल. स्नायू विनाकारण दुखू लागले किंवा लघवी गडद झाली, तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना गाठावं.