माग काढायचा हार्नेस आणि दहा मीटरची दोरी: दोन वर्षं वापरून झाल्यावर

या हार्नेसच्या, म्हणजे श्वानाच्या छाती-पाठीवर बांधायच्या पट्ट्यांच्या, खोक्यावर एक श्वान भिंतीवरून उडी मारतोय. मागे धूर, बाजूला बुटातले पाय. आमच्या ताराने दोन वर्षांत अशी उडी दोनदा मारली असेल, तीही सरावात. धूर तर मी कधी बघितलेलाच नाही. पोलिसातल्या श्वानाचा दिवस कसा जातो हे हार्नेस बनवणाऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून आधी ते सांगते आणि मग वस्तूकडे वळते.

मी पोलिसांच्या श्वान पथकात हस्तक आहे, म्हणजे श्वानाला सांभाळणारी आणि त्याच्यासोबत काम करणारी. तारा माझी तिसरी. जर्मन शेफर्ड, वजन 28 किलो, वय सात. (मादी आहे, पण ‘कुत्री’ म्हणायला तोंड वळत नाही, तेव्हा नुसतं ‘ती’ म्हणेन.) काम माग काढायचं. हार्नेसचं नाव लिहीत नाही, नोकरीत असताना कुणाची जाहिरात नको आणि बदनामीही नको. ओळख एवढीच: छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार, प्लास्टिकचा थर दिलेल्या पट्ट्या, पाठीवर दोन कड्या, वर उचलायची मूठ, दोन्ही बाजूंना नाव चिकटवायला वेल्क्रो. सोबत त्याच पट्टीची दहा मीटरची दोरी.

पहाटे साडेपाचला मी केनेल, म्हणजे तिची जाळीची खोली, उघडते. तारा मोकळी होऊन आली की हाताने तपासणी: पंजे, बोटांमधली कातडी, कान, हिरड्या. मग ब्रश. शेफर्डचे केस बारा महिने गळतात, माझ्या गणवेशावर विश्वास नसेल तर घरी विचारा. मग चाळीस मिनिटं चालणं-पळणं, त्यानंतर हील, सिट, डाऊन, स्टे या आज्ञांचा सराव. एक दिवसाआड सरावाचा माग असतो. सहकारी तासभर आधी शेतातून चालून जातो, वाटेत एखादा हातमोजा, किल्ली टाकतो. तारा तो माग धरते आणि वस्तू सापडली की तिच्यापाशी झोपून राहते. बक्षीस म्हणून चेंडू. खाणं सकाळी थोडं, मुख्य जेवण संध्याकाळी काम संपून ती शांत झाल्यावर. खोल छातीच्या जातींत भरल्या पोटी पळवलं तर पोटाला पीळ पडायची भीती असते, आणि तो पडला तर काही तासांत जीव जाऊ शकतो. बाकीचा सगळा वेळ वाट बघण्यात जातो. गाडीतल्या पिंजऱ्यात हनुवटी टेकून ती पडून असते, डोळे मिटलेले, एक कान माझ्या दिशेला.

या सगळ्यात हार्नेस किती वेळ अंगावर असतो? रोज अर्धा तास, कधी तोही नाही. कॉलर लावली की ती शिस्तीत, पायाला पाय लावून चालणार. हार्नेसची कडी खणकली की तिला ओढायची परवानगी मिळाली, नाक जमिनीला. हा फरक तिला शब्दांपेक्षा कडीच्या आवाजावरून जास्त कळतो. म्हणून हार्नेस अंगावर ठेवून तिला गाडीत बसवत नाही. जाळीत अडकण्याचा धोका असतोच, शिवाय कामाची खूणच बोथट होते.

आता मापाचं. पुस्तिकेत लिहिलंय, श्वानाला सरळ उभं करा आणि छातीचा घेर घ्या. मी तसंच केलं आणि तीन आठवड्यांत तिच्या डाव्या काखेत नाण्याएवढं टक्कल पडलं. माग काढताना ती मान खाली घालून पुढे रेटते, खांदा पार पुढे जातो आणि पोटाचा पट्टा सरकून कोपरामागे येऊन घासतो. दुकानात ताठ उभ्या असलेल्या श्वानावर हे दिसणारच नाही. माप घेताना जमिनीवर चार दाणे टाका, तिला खाली वास घेऊ द्या आणि त्या अवस्थेत बघा: कोपर आणि पट्टा यांच्यामध्ये चार बोटं राहिली पाहिजेत. मी पोटाचा पट्टा दोन भोकं मागे घेतला आणि महिन्याभरात केस परत आले.

पट्ट्यांबद्दल मात्र तक्रार नाही. आधीच्या दोन्ही श्वानांना चामड्याचा हार्नेस होता. चामड्याला तेल लावा, पावसात भिजला की सावलीत वाळवा, विसरलात की वाद्या तडकतात. हा नळाखाली धरला, फडक्याने पुसला की झालं. चिखल, शेण, डबक्यातलं पाणी, काही मुरत नाही.

दोरीचं सगळं रडगाणं इथून पुढे.

माग काढताना मी तिच्या मागे सात-आठ मीटरवर असते. अंधारात ती दिसतही नाही, दिसते ती दोरी. नाक वासात असलं की दोरीला एकसारखी ओढ असते, पतंग वर स्थिरावल्यासारखी. माग वळला की ती दोन-चार पावलं पुढे जाते, ओढ ढिली पडते, डोकं वर येतं, एक गोल चक्कर, आणि मग ओढ दुसऱ्या दिशेने येते. हा सगळा हिशेब तळहातात चालतो.

एका रात्री विसरभोळेपणा वाढलेले एक आजोबा घरातून निघून गेले होते. पाऊस नुकताच थांबलेला. त्यांच्या उशीचा अभ्रा तिला हुंगायला दिला आणि मागच्या फाटकापासून सुरुवात केली. ओली जमीन, वारा नाही, मागाला याहून चांगली रात्र नसते. अर्धा किलोमीटर ती नीट गेली. मग पायवाटेवर कुंपणापाशी दोरी माझ्या हातातून सुळकन गेली. प्लास्टिकची पट्टी भिजली की ओल्या साबणासारखी होते. चारेक मीटर निसटल्यावर मी घट्ट पकडली आणि सवयीने सरळ वाटेकडे ओढली. ती थांबली, परत आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. त्या बघण्याचा अर्थ मला पुरता कळला: वळण डावीकडे होतं, ते तिने हाताला सांगितलं होतं, आणि हातात निसटण्याशिवाय काहीच पोचलं नव्हतं. मी दोरी सैल सोडली. तिने नाक टेकलं आणि कुंपणाच्या फटीतून डावीकडे ओढ लावली. आजोबा झाडांच्या रांगेत एका दगडावर बसले होते, पायात एकच चप्पल. माझ्यामुळे पाच मिनिटं गेली, नशिबाने तेवढीच.

दोरीसाठी एवढा जीव काढते म्हणून कुणी हसेल, पण हस्तकाच्या समजुतीने शोध भरकटतो हे प्रयोगातही दिसलंय. 2011 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी श्वान आणि हस्तकांच्या 18 जोड्यांना एका इमारतीत शोध घ्यायला लावला. हस्तकांना सांगितलं होतं की वास ठेवलाय, काही ठिकाणी खूण म्हणून लाल कागदही लावला होता. प्रत्यक्षात कुठेच काही ठेवलेलं नव्हतं. तरीही 225 वेळा ‘सापडलं’ असा निकाल आला आणि कागद असलेल्या जागी जास्त वेळा. हस्तकाच्या मनात काय आहे ते श्वानाला कळत असावं. दोरीतून तर नक्कीच.

हातमोजे घालून बघितले. पकड आली, पण बारीक ओढ कळेनाशी झाली. मग दोरी बदलली. आता रबराचे धागे विणलेली सुती पट्टी वापरते. भिजते, जड होते, वाळायला रात्र जाते, पण हातातून सरकत नाही.

उन्हाचं थोडक्यात. श्वानाचं अंग मुळातच 38-39 अंशांवर असतं आणि घाम जवळजवळ नुसता पंजांच्या तळव्यांना. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. वास घेताना नाक सेकंदाला पाचेक वेळा आत ओढतं, आणि तोंड उघडून धापा सुरू झाल्या की ते हुंगणं मागे पडतं. म्हणजे तापलेली तारा ही नाक अर्धं बंद असलेली तारा. असं असताना हार्नेसच्या छातीवर काळ्या कापडाचा जाड फोम लावलाय. वीस मिनिटांनी हात लावला तर खाली भट्टी! मी तो कात्रीने कापून टाकला, पट्ट्यांवर परिणाम शून्य. वेल्क्रोही उसवलं. त्यात कुसळं आणि केस अडकतात आणि शांत जागी ते उघडताना कापड फाटल्यासारखा आवाज येतो.

बक्कल प्लास्टिकचं आहे आणि हे मला आधीच खटकायला हवं होतं. चौदाव्या महिन्यात एका भिंतीवरून तिला मुठीला धरून उचलत होते, तेव्हा एक बाजू उघडली. खाचेत वाळू बसली होती. ती दोन फुटांवरून चार पायांवर उतरली, माझं कोपर मात्र सोललं. विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, व्यावसायिक वापर झाल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘पोलीस श्वानांसाठी’ छापलंय! शेवटी चामड्याचं काम करणाऱ्या कारागिराकडून धातूची बक्कलं लावून घेतली.

शेजारच्या केनेलमधला लॅब्रॅडोर स्फोटकं शोधतो, त्याच्या हस्तकाने हाच हार्नेस मागवला आणि महिन्यात परत ठेवून दिला. त्याचं काम गाडीच्या सीटखाली, कपाटांच्या फटीत. वास मिळाला की गुपचूप खाली बसायचं, पंजा मारायचा नाही. तिथे पाठीवरची मूठ सारखी अडकते. त्याला साधी कॉलर आणि आखूड पट्टा पुरतो. तुमचा श्वान खोल्यांत काम करत असेल तर घेऊ नका.

बक्कल बदलून, फोम कापून आणि माप दुरुस्त करून हार्नेसला पाचपैकी चार. दोरीला एक, तोही धुवायला सोपी म्हणून. वेगळी मिळत असेल तर नुसता हार्नेस घ्या.

आणि धुतल्यावर तिच्या नजरेआड वाळत घाला. मी पहिल्यांदा केनेलसमोरच्या तारेवर टाकला होता. वाऱ्याने कडी वाजत होती आणि तारा जाळीला नाक लावून दीड तास उभी होती. पाणी प्यायलाही हलली नाही.