रात्री आठनंतर आखडणारे 100 एमबीपीएस : इंदूरमधील एका फायबर सेवेचा अनुभव

इंदूरच्या लोकमान्यनगरात आमच्या घरी गेले अकरा महिने एका स्थानिक कंपनीची फायबर जोडणी आहे. दरमहा 700 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 826 रुपयांत 100 एमबीपीएस वेग व महिन्याला 3300 जीबी डेटा मिळतो. जोडणी तत्परतेने मिळाली आणि दिवसा कार्यालयीन कामात कधी खोळंबा झाला नाही. तक्रार आहे ती रात्रीची.

आठ वाजले की लॅपटॉप टीव्हीला जोडून आईला लावून दिलेली मालिका दर दोन मिनिटांनी थबकते, चित्र धुरकट होते आणि पडद्याच्या मधोमध गोल चक्र फिरत राहते. त्याच वेळी कंपनीच्या ॲपमधील चाचणी मात्र 96 एमबीपीएस दाखवते. ती कंपनीच्याच सर्व्हरपर्यंत जाऊन परत येत असल्यामुळे घरापासून कंपनीपर्यंतची वाट मोकळी आहे, एवढेच तिच्यावरून कळते. नेटफ्लिक्सने 2016 साली सुरू केलेले फास्ट डॉट कॉम स्वतःच्या व्हिडिओ सर्व्हरवरून वेग मोजते. तिथे त्याच वेळी आकडा 7 वर अडकलेला होता. महिन्याचा वापर 400 जीबीच्याही आत असल्याने डेटा संपल्याचे कारण लागू होत नव्हते.

कॉल सेंटरने सुचवले, "सर, ब्राउज़र बदलकर देखिए।" मी बदलून पाहिला. क्रोम आणि एज हे दोन्ही क्रोमियम या एकाच मूळ सॉफ्टवेअरवर बेतलेले असल्याने त्यांत फरक पडेल असे वाटलेच नव्हते. पण वेगळे इंजिन असलेल्या फायरफॉक्समध्येही मालिका तशीच अडखळली. ऑपेरात मात्र ती सुरळीत चालली. फोनवरील मुलाने लगेच निष्कर्ष काढला की दोष क्रोमचा आहे. वास्तविक ऑपेराही 2013 पासून क्रोमियमवरच चालतो. फरक होता तो त्यातील व्हीपीएनचा, म्हणजे डेटा दुसऱ्याच सर्व्हरमार्गे झाकून नेणाऱ्या सोयीचा, जो मी पूर्वी कधीतरी सुरू करून विसरलो होतो. तो बंद करताच ऑपेराही इतरांच्या पंगतीत येऊन बसला.

व्हीपीएनमुळे आपण कोणत्या संकेतस्थळाकडे जात आहोत हे इंटरनेट कंपनीला दिसत नाही आणि डेटाचा मार्गही बदलतो. त्यामुळे कंपनी व्हिडिओचा वेग मुद्दाम रोखते, की त्या सर्व्हरकडे जाणारी तिची वाट रात्री तुंबते, हे घरबसल्या सिद्ध करता येत नाही, आणि तसा आरोप मी करीत नाही. पण ब्राउझर निर्दोष आहे, हे मात्र निश्चित. दूरसंचार विभागाने जुलै 2018 मध्ये मान्य केलेल्या नेट न्यूट्रॅलिटीच्या चौकटीनुसार विशिष्ट मजकूर अडवणे किंवा त्याचा वेग घटवणे कंपन्यांना मना आहे. वाहतुकीचे वाजवी नियोजन करण्याची मुभा आहे, परंतु ते पारदर्शक असले पाहिजे. असे कोणते नियोजन केले जाते, हे मी लेखी विचारले तेव्हा उत्तरात राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याची सूचना आली. (तो तोवर सात वेळा बंद-चालू करून झाला होता.)

तक्रार क्रमांक घेऊन कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे गेल्यावर नवव्या दिवशी फास्ट डॉट कॉमवरील आकडा रात्री नऊलाही 80 च्या पुढे गेला. काय दुरुस्त केले, हे कोणी सांगितले नाही. तीन आठवड्यांनी आकडा पुन्हा 15 वर आला.

क्रोम नको असेल तर पाच मिनिटांत दुसरा ब्राउझर उतरवून घेता येतो, तेही फुकट. आमच्या गल्लीत मात्र फायबर दोनच कंपन्यांचे आहे आणि दुसरीची तार आमच्या खांबापर्यंत पोहोचलेली नाही. तिच्या माणसाने पुढच्या महिन्यात तार आणण्याचे कबूल केले आहे, म्हणून वार्षिक प्लॅनवरील सवलत सोडून मी सध्या महिन्या-महिन्याचेच पैसे भरतो. दिवसभराच्या सेवेला पाचपैकी चार गुण, रात्रीच्या सेवेला एक, आणि तक्रार निवारणाला दोन.