सिअ‍ॅटलची रॉक रेडिओ स्टेशनं: नऊ महिने गाडीत ऐकल्यानंतर

गेल्या ऑक्टोबरात जुनी कोरोला घेतली. फोन जोडायची सोय नाही, सीडी प्लेअर आधीच्या मालकाच्या काळातच बंद पडलेला. उरला रेडिओ आणि त्याची सहा बटणं. रेडमंडहून सिअ‍ॅटलच्या ऑफिसला जाताना रोज ५२० हायवेचा तरंगता पूल लागतो. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊस असला की सव्वा तास. नऊ महिने या वेळात मी फक्त इथली रॉक स्टेशनं ऐकली. नवीन आलेली आपली मंडळी ‘गाडीत काय ऐकतेस?’ म्हणून विचारत असतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

मी मूळची सांगलीची. आकाशवाणीवर ‘आपली आवड’ लागलं की आई पोळ्या लाटता लाटता थांबायची. गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचली जायची आणि त्यात कधी आष्ट्याचं, कधी तासगावचं कुणीतरी ओळखीचं निघायचं. रॉकचा नाद लागला तो पुढे इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर. पण रेडिओ म्हटलं की गाण्याइतकंच ते कुणी निवडलं, कुणासाठी लावलं, हेही मला ऐकू यायला हवं असतं. ही अपेक्षा धरूनच मी ही स्टेशनं ऐकली.

९९.९ वर केआयएसडब्ल्यू. १९५० साली सुरू झालं तेव्हा ते पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं स्टेशन होतं, १९७१ पासून रॉक वाजवतंय. जड गिटार, मेटल, आणि सकाळ-संध्याकाळ भरपूर गप्पा. १०७.७ म्हणजे केएनडीडी. डायलच्या अगदी टोकाला म्हणून नाव ‘द एंड’. अल्टरनेटिव्ह रॉकचं हे स्टेशन ऑगस्ट १९९१ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच महिन्यात निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आला, ज्याने या शहराचं नाव जगभर नेलं. मुहूर्त साधणं म्हणतात ते हे. १०२.५ वर केझेडओके, क्लासिक रॉक. आणि ९०.३ वर केईएक्सपी. ते ना-नफा तत्त्वावर, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं. जाहिराती नाहीत, प्रायोजकांची नावं तेवढी सांगतात.

सुरुवातीला मला वाटायचं की ९९.९ आणि १०७.७ यांची एकमेकांशी चुरस असणार. मग कळलं की दोन्ही ऑडसी या एकाच कंपनीची आहेत, आणि १०२.५ हे २०१७ पासून आयहार्टकडे आहे. अमेरिकेत १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्याने मालकीवरची बंधनं सैल झाली. मोठ्या शहरात एका कंपनीला आठपर्यंत स्टेशनं ठेवता येतात. घर एकच असलं की भावाभावांत वाटणी होते, तसं एकाने मेटल घ्यायचं, दुसऱ्याने अल्टरनेटिव्ह. एकाने दुसऱ्याचा श्रोता पळवायचा नाही. डायलवर नंबर वेगळे दिसतात, पण गाण्यांचा हिशेब बरेचदा एकाच इमारतीत होतो.

आता माझी मुख्य तक्रार. शहरातल्या एका स्टेशनवर (नाव लिहीत नाही) जानेवारीत एक आठवडा असा गेला की सकाळी पुलावर चढताना जे गाणं लागायचं तेच संध्याकाळी परत येताना. तिसऱ्या दिवशी मी पहिल्या सुरालाच बटण दाबलं. साउंडगार्डनने स्टुडिओ अल्बम केले सहा, पण तिथे ऐकू यायची त्यांची तीच दोन-तीन गाणी. ज्या गावात हा बँड जन्मला त्या गावात हे व्हावं याचं मला खरंच वाईट वाटलं.

असं का होतं ते समजून घेतलं तेव्हा राग थोडा निवळला. व्यावसायिक स्टेशनवर बहुतेक वेळा निवेदक गाणं निवडतच नाही. म्युझिक डायरेक्टर गाण्यांचे गट पाडतो: नवी जोरात चाललेली, जरा जुनी झालेली, कायमची. तासाचं ‘घड्याळ’ आखलेलं असतं, कितव्या मिनिटाला कुठल्या गटातलं गाणं हे ठरलेलं, आणि सिलेक्टर किंवा म्युझिकमास्टरसारखं सॉफ्टवेअर दिवसभराची यादी काढून देतं. कुठली गाणी ठेवायची हे ठरवायला लोकांना प्रत्येक गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा ऐकवून मत घेतात. पाच-दहा सेकंदांत आवडतं ते ओळखीचंच. अनोळखी गाणं तिथेच मार खातं.

त्यावर नील्सन या श्रोते मोजणाऱ्या कंपनीची मोजणी. निवडक लोकांजवळ एक छोटं यंत्र असतं, ते प्रसारणात मिसळलेला कानाला न कळणारा संकेत टिपतं. पंधरा मिनिटांच्या तुकड्यात पाच मिनिटं ऐकलं की तो अख्खा पाव तास त्या स्टेशनच्या खात्यात जमा व्हायचा; २०२५ पासून तीन मिनिटं पुरतात. त्यामुळे सगळा आटापिटा श्रोत्याने बटण दाबू नये यासाठी. जाहिरातीही या हिशेबानेच बसवतात. म्हणून एका ठिकाणच्या जाहिरातींना कंटाळून दुसरीकडे जावं तर तिथेही त्याच वेळी जाहिराती.

या सगळ्यात केईएक्सपी वेगळं का, याचं उत्तर त्याच्या जन्मात आहे. १९७२ साली युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं, तेव्हा नाव केसीएमयू आणि ताकद अवघी १० वॉट. साउंडगार्डनचा गिटारवादक किम थायिल आणि मडहनी या इथल्याच बँडचा मार्क आर्म तिथे गाणी लावायचे. सब पॉप ही रेकॉर्ड कंपनी उभी करणारे ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमन या दोघांचेही तिथे कार्यक्रम होते. म्हणजे ज्यांनी पुढे ग्रंज, म्हणजे इथलं ते खरखरीत रॉक, जगाला ऐकवलं, ते आधी याच खोलीत बसून दुसऱ्यांच्या रेकॉर्डी लावत होते. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या पॉल अ‍ॅलनच्या मदतीने नवं नाव मिळालं, २०१६ मध्ये सिअ‍ॅटल सेंटरमध्ये नवी जागा. नव्या अल्बमांचे गट इथेही असतात, पण त्यातून काय उचलायचं, कशानंतर काय लावायचं, हे त्या वेळी माइकसमोर असलेला माणूस ठरवतो.

हे कानाला कसं कळतं ते सांगते. फेब्रुवारीतली संध्याकाळ, पुलावर गाड्या ठप्प, वायपर चालू. आधी एक पंकचं गाणं लागलं, मग मालीतलं वाळवंटी गिटारचं, मग इथल्याच कुठल्या नव्या बँडचं. मधे एक शब्द नाही. तिसरं सुरू झालं तेव्हा लक्षात आलं की स्टिअरिंगवर माझी बोटं पहिल्या गाण्यापासून एकच ठेका धरून होती. तिन्ही गाण्यांत ड्रमची चाल तीच. कुणीतरी ती ओळखून या तीन गाण्यांना शेजारी बसवलं होतं. घरी आल्यावर वेबसाइटवरच्या यादीत तिन्ही नावं सापडली.

एका शनिवारी मुद्दाम केईएक्सपीत गेले. आत बसायला मोठी मोकळी जागा आहे, तिकीट नाही, आणि काचेपलीकडे निवेदक दिसतो. डोक्यावर हेडफोन, बाजूला रेकॉर्डींची चळत. एक काढली, कव्हर उलटून वाचलं, परत ठेवली, दुसरी काढली. गाणं संपायला थोडासाच वेळ उरला असेल. ती घाई बघून मला आकाशवाणीच्या फर्माईशींच्या पत्रांचा गठ्ठा आठवला.

केईएक्सपीवरचा सकाळचा निवेदक जॉन रिचर्ड्स दरवर्षी एक पूर्ण कार्यक्रम आईच्या आठवणीत करतो, आणि त्यात श्रोते आपापल्या आयांबद्दल लिहून पाठवतात. जाऊन चार वर्षं झालेली माझी आई त्या दिवशी मला ऑफिसच्या पार्किंगमध्ये भेटली. मीटिंगला वीस मिनिटं उशीर झाला. ‘तुम्ही एकटे नाही’ हे वाक्य तो नेहमी म्हणतो. परदेशात पहिला हिवाळा काढणाऱ्याला त्याची किंमत कळते.

याचा अर्थ बाकीची बटणं पुसून टाकली असं नाही. केईएक्सपीवर नेहमी रॉकच लागेल असं नसतं. हिप-हॉप, रेगे, लॅटिन, कंट्री, सगळ्याला जागा आहे. आठवड्याच्या शेवटी डोकं शिणलेलं असताना मला अनोळखी काही नको असतं, तेव्हा ९९.९ वरची धडधडती गिटार बरी वाटते. नवरा शेजारी असला की १०२.५, कारण त्याला प्रत्येक गाण्याचे शब्द पाठ आहेत आणि तो मोठ्याने गातो. नवीन ड्रायव्हिंग शिकणाऱ्यांसाठीही तेच लावा, चुकून लक्ष वेधून घेईल असं तिथे काही येत नाही.

माझ्याकडे पहिलं बटण ९०.३, दुसरं ९९.९, तिसरं १०७.७, चौथं १०२.५. मार्चपासून केईएक्सपीला दरमहा १० डॉलर देते. भारतातूनही इंटरनेटवर फुकट ऐकता येतं. इथला सकाळी सातचा कार्यक्रम उन्हाळ्यात तिकडे संध्याकाळी साडेसातला लागतो, हिवाळ्यात साडेआठला. माझा भाऊ सांगलीत जेवताना लावतो, आणि एखादं गाणं आवडलं की मी पुलावर असतानाच त्याचा मेसेज येतो: ‘ताई, हे ऐकतेस ना?’