आषाढात येणाऱ्या बाळासाठी आधी काय घेऊन ठेवावं: कोकणातला अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

आमचा मुलगा आषाढात झाला, माझ्या माहेरी, गुहागर तालुक्यात. आता शिमगा तोंडावर आलाय आणि तो रांगत रांगत माजघरातून पडवीत पोचतो. त्याच्यासाठी घेतलेल्या सगळ्या वस्तूंनी एक पावसाळा, ऑक्टोबरचं ऊन आणि थंडी पाहिली आहे. काय टिकलं, काय पडून राहिलं हे आता नीट सांगता येईल.

बाळाच्या खरेदीच्या याद्या मी पुष्कळ वाचल्या होत्या. त्या कोरड्या हवेच्या शहरातल्या फ्लॅटसाठी असतात. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. कपाटातल्या घडीच्या साडीलाही कुबट वास येतो, तिथे दिवसातून पंधरा-वीस वेळा लंगोट ओला करणाऱ्या बाळाचं काय होणार? म्हणून माझं मत असं आहे: पावसाळ्यातल्या बाळासाठी पैसे आधी कपडे वाळवण्यावर खर्च करा, मग डासांवर, मग उजेडावर. बाळाचे कपडे सगळ्यात शेवटी.

यात एक सोयही आहे. आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवीन काही घेत नाहीत. आईचा हा नेम पक्का आहे आणि तिला दुखवायची माझी इच्छा नव्हती. पण ऐन पावसात रस्त्यावर झाड पडलं की चिपळूणला जाणं होत नाही, त्यामुळे सगळं नंतरवर टाकणंही परवडत नाही. मग आम्ही घरासाठी म्हणून जे लागतं ते मे महिन्यात आणलं आणि झबली-टोपरी वहिनीच्या मुलांची, धुऊन ठेवलेली, घेतली. पहिले कपडे जुनेच घालायचे ही रीत मला आता फार शहाणपणाची वाटते. दहा वेळा धुतलेलं सुती कापड नव्या कापडापेक्षा मऊ असतं आणि त्याची खळही गेलेली असते.

लंगोटांबद्दल सविस्तर लिहिते, कारण पहिले तीन महिने आमचं सगळं घर लंगोटांभोवती फिरत होतं. बाजारात तीन प्रकार दिसतात: साधे एकपदरी सुती त्रिकोणी लंगोट, आत जाड पट्टी घालायचे कापडी डायपर, आणि वापरून टाकायचे डायपर. कापडी डायपरची खूप स्तुती ऐकली होती आणि ती खरी आहे, पण ऑक्टोबरनंतर. श्रावणात त्यातली जाड पट्टी दोन-दोन दिवस वाळत नव्हती. वरून कोरडी लागायची, दुमडून दाबली की आत ओल. तशी पट्टी बाळाला लावली की जांघेत लाल चट्टे उठतात आणि दमट हवेत त्यावर बुरशीचा संसर्ग पटकन बसतो. ऊन पडायला लागल्यावर त्याच पट्ट्या सकाळी धुतल्या की दुपारपर्यंत कडक वाळायला लागल्या आणि तेव्हापासून मी त्याच वापरते. तुमचं बाळ दिवाळीनंतर येणार असेल तर खुशाल घ्या.

आषाढ-श्रावणात मात्र एकपदरी कापडाला तोड नाही. आईने जुनी धोतरं आणि विरलेल्या सुती साड्या फाडून लंगोट आणि दुपटी शिवली. विकतचे घ्यायचे तर मलमलचे घ्या. गाठ मारायचे किंवा नाडीचे असावेत, इलॅस्टिकचे नकोत. पावसाळ्यासाठी तीन डझन तरी हवेत. एवढे कशाला असं काकू म्हणाल्या होत्या, पण झडीच्या आठवड्यात आज धुतलेला लंगोट परवा हातात येतो, हे लक्षात घेतलं की हिशोब पटतो.

आता वाळवणी. आम्ही घेतलेल्या वस्तूंत पहिला मान कपडे वाळवायच्या घडीच्या स्टीलच्या स्टँडला. पडवीतल्या दोरीवर वाऱ्याबरोबर पावसाचे तुषार येतात आणि समुद्र जवळ असल्याने कापड चिकट राहतं. स्टँड आतल्या खोलीत पंख्याखाली उभा केला, कपडे एकमेकांना न चिकटवता पसरले, की रात्रीत बरंच वाळतं. लोखंडी, रंग दिलेला स्टँड घेऊ नका. खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात त्याचा रंग सुटतो आणि दुपट्यावर गंजाचे डाग पडतात.

दुसरी वस्तू इस्त्री. उरलेली ओल गरम इस्त्रीने निघते आणि कुबट वासही जातो. लंगोट इस्त्री करून, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे. कपाटात ठेवले तर ते पुन्हा ओल धरतात. वीज नसेल तेव्हा आईने माळ्यावरची कोळशाची इस्त्री काढली आणि ती अजूनही उत्तम चालते.

निखाऱ्यांच्या शेगडीवर बांबूची टोपली उपडी घालून तिच्यावर दुपटी वाळवायची जुनी पद्धत आहे. आम्ही ती वापरली, पण मागच्या पडवीत, उघड्यावर, कुणीतरी जवळ बसून. बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडी कधीही ठेवू नका. कोळशाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. धुरीबद्दलही आईशी शांतपणे बोलले. लहान बाळाच्या फुफ्फुसांना धूर सोसत नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तिने बाळाला धुरी देणं सोडलं, रिकाम्या खोलीत वेखंड-ओव्याची धुरी करून दारं-खिडक्या उघडायची, एवढंच ठेवलं. मनंही सांभाळली गेली.

मच्छरदाणी. छत्रीसारखी उघडणारी, नुसती वरून झाकायची घेऊ नका. खाली कापडाचा तळ आणि चेन असलेलीच घ्या. आपल्याकडे प्रश्न फक्त डासांचा नाही. पावसात गोम घरात शिरते, विंचू निघतो, रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांची, म्हणजे त्या छोट्या विषारी सापांची, तर भीती कायमची. तळाच्या मच्छरदाणीमुळे आणि जमिनीऐवजी पलंगावर झोपवल्यामुळे मला रात्री डोळा लावता आला. दोन महिन्यांखालच्या बाळाला डास पळवायचं कुठलंही मलम लावायचं नसतं, कॉइलचा धूरही चांगला नाही, म्हणून जाळी हाच उपाय. सतत उघडझाप करून चेन बिघडते, तेव्हा दुकानातच चार वेळा ओढून बघा.

पाळणा आमच्या घरचाच होता, सागवानी. कड्या, दोर आणि गजांमधलं अंतर तपासून घेतलं. दोन गजांत सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नसावी. पाळण्यात आणि साडीच्या झोळीत तो दिवसा, आमच्या डोळ्यांसमोर असायचा. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो, त्यामुळे रात्रीची झोप सपाट, घट्ट गादीवर आणि उताणीच. मोहरीची उशी भेट आली होती, ती वापरली नाही. डोकं गोल व्हायला उशी लागत नाही आणि तान्ह्या बाळाच्या अंथरुणात उशी असूच नये. रबरी शीट दमट हवेत अंगाला चिकटते. वर टॉवेलसारखं सुती कापड असलेलं जलरोधक अंथरूण घ्या, ते मात्र दोन घ्या.

डिजिटल थर्मामीटर दीड-दोनशे रुपयांना मिळतो. माझ्या दृष्टीने अख्ख्या खरेदीतली ही सगळ्यात मोलाची वस्तू. बाळ अजून दोन महिन्यांचंही नव्हतं, बाहेर मुसळधार पाऊस, आणि रात्री त्याचं अंग कोमट लागायला लागलं. हात लावून एकजण म्हणे ताप आहे, दुसरा म्हणे गुंडाळल्यामुळे गरम आहे. काखेत थर्मामीटर धरला तर १००.८. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर वाट बघायची नसते, घरचं औषध द्यायचं नसतं, थेट डॉक्टर गाठायचा असतो. हा आकडा गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी मला आधीच लिहून दिला होता. त्यामुळे वाद झाला नाही, आम्ही लगेच निघालो. संसर्ग होता, वेळेत औषध सुरू झालं आणि तो बरा झाला. तुमच्याही फ्रिजवर किंवा देवघराशेजारी हा आकडा लिहून लावा, आणि १०८ व १०२ हे रुग्णवाहिकेचे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या. थर्मामीटरची जास्तीची बॅटरीही ठेवा.

उजेडासाठी होल्डरमध्ये बसणारे, वीज गेली तरी काही तास चालणारे बल्ब घेतले. एक बाळंतिणीच्या खोलीत, एक न्हाणीत. जोडीला चार्जिंगचा छोटा पंखा. जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, ते आमच्या घरातले कुणी विसरलेले नाहीत. रात्री दर दोन तासांनी दूध पाजायला उठताना अंधारात चाचपडावं लागलं नाही, याचं समाधान फार मोठं होतं.

दुधाच्या बाटल्या आधी घेऊन ठेवू नका. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. वरचं दूध डॉक्टरांनी सांगितलंच तर वाटी-चमचा किंवा बोंडलं (दूध पाजायचं चोचीचं भांडं) पुरतं, आणि ते उकळून स्वच्छ करणं बाटलीपेक्षा सोपं. माझं दूध सुरुवातीला दाटून दुखायला लागलं तेव्हा हाताने चालवायचा पंप कामी आला, पण तोही गरज पडल्यावर मागवला तर चालतो. गुटीची सहाण आई घेऊन बसली होती. सहा महिने थांबायचं ठरलं आणि ती थांबली, याबद्दल तिचे आभार मानावे तेवढे थोडे. काजळही डोळ्यांत नाही, त्यात शिसं असू शकतं. तीट तळपायाला.

वापरून टाकायचे डायपर प्रवासाला आणि डॉक्टरकडे जाताना लागतात. सर्वांत लहान मापाचं एकच पाकीट घ्या, बाळ त्यातून झटकन बाहेर पडतं. वाड्यांवर कचरा नेणारी गाडी येत नाही, आणि हे डायपर पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, टाकलेले मी पाहिले आहेत. तिथून ते थेट समुद्रात जातात. ते टाकायची सोय नसेल तर त्यांचा वापर कमीच ठेवा.

आंघोळीच्या टबाला पहिले पाच महिने काहीच काम नव्हतं. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी पाटावर बसून पायांवरच बाळाला घ्यायच्या आणि त्यांच्या हातासारखा आधार टबाला येणार नाही. घाण्याचं खोबरेल घरचं होतं. पावडर अजिबात नको, ती श्वासातून आत जाते. लोकरीचं एक स्वेटर पुरेसं, तेही नाताळच्या सुमारास पहाटेला.

खरेदीला निघण्याआधी अंगणवाडी सेविकेला भेटा. सरकारी रुग्णालयात पहिलं बाळंतपण होणाऱ्या मातांसाठी राज्याची बेबी केअर किटची योजना २०१९मध्ये सुरू झाली. त्यात कपडे, मच्छरदाणी, थर्मामीटर अशा वस्तू असतात. तुम्हाला ते मिळणार असेल तर तेवढं यादीतून वगळा आणि उरलेले पैसे चांगल्या स्टीलच्या स्टँडला घाला. बाजारहाट मात्र मे महिन्यातच उरका. मृग लागला की दुकानातलं कापडही दमट हाताला येतं.