इंडिकेटरच्या रेझिस्टरवर ‘५० वॅट’ छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका

गाडीला एलईडी इंडिकेटर लावून देणाऱ्या एका दुकानाने आधी खोटा माल माझ्या गळ्यात मारला. तो जळल्यावर गाडीचं कंट्रोल युनिटच गेलंय असं सांगून माझ्याकडून आणखी मोठी रक्कम काढायचा प्रयत्न केला. दुकान उत्तर गोव्यातलं, हमरस्त्यावरचं, कायम गर्दी असलेलं. तक्रार दाखल आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पण चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली की आपल्याकडे गाडीची राहिलेली कामं उरकायची घाई सुरू होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत असल्या दुकानांचं फावतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

माझ्या गाडीचे मागचे इंडिकेटर पावसात नीट दिसत नव्हते. डिचोलीहून पणजीला रोजची ये-जा, त्यात संध्याकाळी मागून डंपर असला की आपला इशारा त्याला दिसला की नाही ही धाकधूक. दुकानदाराने एलईडी बल्ब दाखवले. “सर, कॅनबसवाले आहेत, कसलाही एरर येणार नाही.” म्हणजे बल्ब बदललाय हे गाडीच्या कॉम्प्युटरला खटकणार नाही असे. चारही बल्ब बसवले, इंडिकेटर दिला, तर तो दुप्पट वेगाने फडफडायला लागला. लगेच काउंटरखालून दुसरा डबा निघाला. “तुमच्या गाडीला रेझिस्टर लागणारच. सहा ओहम, पन्नास वॅट. एकदा लावला की गाडी विकेपर्यंत बघायला नको.” बल्ब, रेझिस्टर आणि मजुरी धरून ४,८०० रुपये झाले. बिल मागितलं तर “पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल” असं म्हणत एका कोऱ्या चिठ्ठीवर फक्त रक्कम लिहून दिली. मी त्या चिठ्ठीवर त्याच्याकडून तारीख आणि गाडीचा नंबर घालून घेतला, पैसे यूपीआयने दिले. त्या दोन गोष्टी पुढे कामी आल्या.

इंडिकेटर असा का फडफडतो, हे आधी समजून घ्या. दुकानदार याच्याच जोरावर खेळतात. इंडिकेटरचा साधा, तारेचा बल्ब बहुतेक गाड्यांत २१ वॅटचा असतो. १२ व्होल्टवर तो साधारण पावणेदोन अँपिअर करंट ओढतो. एलईडी बल्ब त्याच्या एका छोट्या हिश्श्यात भागवतो. गाडीतला फ्लॅशर रिले, किंवा नव्या गाड्यांत बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मोड्यूल, हा करंट बघत असतो. करंट कमी झाला की त्याला वाटतं बल्ब उडालाय, आणि ड्रायव्हरला ते कळावं म्हणून तो इंडिकेटर जोरात फडफडवतो. ही कंपनीने मुद्दाम दिलेली सोय आहे, गाडीचा दोष नव्हे. साधारणपणे इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे.

रेझिस्टर या सोयीला गुंगारा देतो. त्याची एक वायर इंडिकेटरच्या वायरला आणि दुसरी अर्थिंगला, म्हणजे तो बल्बच्या बरोबरीने, समांतर जोडला जातो. जो करंट एलईडी घेत नाही तो रेझिस्टर घेतो आणि त्याची उष्णता करून टाकतो. आतमध्ये इस्त्रीच्या कॉइलसारखी गुंडाळलेली तार असते, वरती सोनेरी ॲल्युमिनियमचं कवच. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास असतात. सहा ओहमला १४ व्होल्ट दिले की सव्वादोन अँपिअरच्या वर करंट जातो आणि ३२-३३ वॅट उष्णता तयार होते. इंडिकेटर अर्धा वेळ बंद असतो असं धरलं तरी सरासरी १६ वॅट. एवढ्या लहान तुकड्यात १६ वॅट म्हणजे बोट ठेवता येणार नाही इतका तो तापतो. म्हणजे एलईडीमुळे वीज वाचते म्हणून हे करत असाल तर तीही वाचत नाही, बल्बमध्ये जायची ती रेझिस्टरमध्ये जाते.

आता फसवणुकीचा मुद्दा. रेझिस्टरवर छापलेले वॅट म्हणजे तो किती उष्णता सोसू शकतो तो आकडा, आणि तो रेझिस्टर जाड धातूच्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवलेला असेल तरच खरे. नुसता हवेत लटकवला तर त्याची ताकद निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येते. आणि अस्सल ५० वॅटच्या तुकड्याचं कवच साधारण ५० मिलिमीटर लांब असतं, २५ वॅटचं २७-२८ मिलिमीटर. मला दिलेल्या चारही तुकड्यांवर ठळक ‘५० वॅट ६ ओहम’ होतं आणि लांबी जेमतेम २८ मिलिमीटर. ओहम, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मात्र बरोबर होते. मल्टिमीटर लावला तर सहाच्या आसपासच आकडा येतो, त्यामुळे मीटर लावून बघणाऱ्यालाही संशय येत नाही. मल्टिमीटरला ओहम कळतात, वॅट कळत नाहीत. छापखान्यातली शाई बदलून २५चा माल ५०च्या भावाने विकायला यापेक्षा सोपी वस्तू दुसरी नसेल.

बसवण्यातही तसंच. मागचे दोन रेझिस्टर डिकीच्या आत, टेललॅम्पमागच्या प्लास्टिकच्या आच्छादनाला, म्हणजे ट्रिमला, दुहेरी टेपने चिकटवले होते. स्क्रूची भोकं कवचाला दोन्ही बाजूंना होती, ती रिकामी. पुढचे दोन हेडलाइटमागे वायरिंगच्या जुडग्याला प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेले. सगळे जोड निळ्या चिमटा क्लिपने. ही क्लिप दाबली की आतलं पातं वायरचं कोटिंग कापून तांब्याला भिडतं. काम झटपट होतं, पण बरेचदा चार तारा पात्यानेच तुटतात, आणि आपल्या पावसाळ्यात, समुद्राच्या खाऱ्या हवेत त्या उघड्या जागेवरचं तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाही. नीट काम म्हणजे सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की वायरला आवळून बसणारी नळी), नाहीतर चांगल्या क्रिंपने पक्का केलेला, पाणी जाणार नाही असा जोड. मजुरीचे पैसे त्याचेच घेतले होते.

जळालं ते माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचा, बाजार करताना. मुसळधार पाऊस, रस्त्याच्या कडेला गाडी उभी, हॅझर्ड लावलेला, इंजिन चालू. मेहुणा सुपाऱ्यांचे घड, नारळांचा घड, कांगलां असं एकेक डिकीत ठेवत होता. हॅझर्डमध्ये चारही इंडिकेटर एकदम चालतात, म्हणजे चारही रेझिस्टर एकदम तापतात. वळताना इंडिकेटर दहा-पंधरा सेकंद चालतो आणि रेझिस्टरला निवायला वेळ मिळतो. हॅझर्डमध्ये तो वेळच मिळत नाही. आधी जळक्या प्लास्टिकचा वास आला, मग चारही इंडिकेटर एकदम बंद पडले. ट्रिम ओढून बघितला तर टेप वितळून रेझिस्टर खाली घसरला होता, त्याच्या मागच्या प्लास्टिकला तपकिरी खळगा पडला होता आणि वायरचं कोटिंग मऊ होऊन कवचाला चिकटलं होतं. त्याच्या बोटभर अंतरावर कार्पेटचा कोरडा फेल्ट होता. मुलं मागच्या सीटवर बसलेली होती. हे आठवलं की आजही राग येतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. तिथल्या माणसाने ट्रिम उघडलासुद्धा नाही. एक मशीन गाडीला जोडून मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि सांगितलं, “बीसीएम गेलंय सर. तुमच्या गाडीची वायरिंगच वीक आहे, कंपनीचा फॉल्ट. आमच्याकडे सेकंडहँड आहे, १८ हजारांत कोडिंगसकट बसवून देतो. आत्ता टाकलं तर चवथीच्या आधी गाडी मिळेल.” वर, “अशीच चालवली तर इंजिनपण लॉक होईल” ही भीती. मी माझे जुने बल्ब मागितले. म्हणाला, फेकून दिले. हे ‘फेकून दिले’ लक्षात ठेवा. जुने बल्ब हातात असते तर त्याचं खोटं तिथल्या तिथे उघडं पडलं असतं.

मी गाडी तिथे न ठेवता फोंड्याला एका जुन्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे नेली. वय झालेला, शांत माणूस. त्यांनी मशीन लावलं नाही. आधी फ्यूजबॉक्स उघडला. इंडिकेटरचा फ्यूज उडालेला. मग जळलेला रेझिस्टर हातात घेऊन उलटसुलट बघितला, पेटीतून आपल्याकडचा एक काढून शेजारी ठेवला. त्यांचा जवळजवळ दुप्पट लांब. “बाब, हें पन्नासाचें न्हय,” एवढंच म्हणाले. चारही रेझिस्टर कापून काढले, चिमटा क्लिपांनी खाल्लेल्या जागी वायर नव्याने सोल्डर करून स्लीव्ह चढवली, कंपनीचे असतात तसे २१ वॅटचे साधे पिवळे बल्ब बसवले, नवा फ्यूज टाकला. इंडिकेटर दिला. नेहमीच्या वेगाने, टिक-टॉक. बीसीएमला काहीही झालं नव्हतं. वितळलेल्या कोटिंगमुळे वायर बॉडीला टेकली, शॉर्ट झाला, फ्यूजने आपलं काम केलं. दहा-वीस रुपयांच्या फ्यूजसाठी १८ हजार मागितले होते.

तेव्हा इंडिकेटर बंद पडले आणि कुणी कंट्रोल युनिटचं नाव घेतलं, तर आधी फ्यूज बघायला लावा आणि साधा बल्ब लावून बघायला लावा. साध्या बल्बवर इंडिकेटर नेहमीसारखा चालला तर युनिट ठीक आहे. ज्या दुकानात यासाठी नकार देतील तिथे गाडी रात्रभर ठेवू नका.

एलईडी लावायचाच असेल तर जुन्या गाड्यांसाठी रेझिस्टरपेक्षा चांगला मार्ग आहे. गाडीत फ्लॅशर रिले वेगळा, काढता येण्यासारखा असेल तर एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक रिले मिळतो. तो करंट बघत नाही, ठरलेल्या वेगाने चालतो. वायर कापायची गरज नाही, काही तापत नाही. पिना आणि त्यांचा क्रम तेवढा जुळला पाहिजे. माझ्या गाडीत लुकलुकण्याचं काम बीसीएम करतं, त्यामुळे तो मार्ग नव्हता, आणि हे दुकानदाराला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अशा गाडीत रेझिस्टर बसवायचाच झाला तर ५० मिलिमीटर लांबीचा घ्या, पट्टी खिशात घेऊन जा. तो प्लास्टिक, कार्पेट आणि वायरींपासून दूर, बॉडीच्या उघड्या पत्र्यावर स्क्रूने बसलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पार्किंग आणि ब्रेक लाइटची वायर सोडून फक्त इंडिकेटरच्या वायरवरच जोड आहे ना, ते विचारा. चुकून पार्किंगच्या वायरवर जोडला तर रात्रभराच्या प्रवासात तो एक क्षणही बंद होत नाही आणि पूर्ण ३२-३३ वॅट सतत ओकत राहतो. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची वायर कापल्यावर इलेक्ट्रिकल कामाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, हेही दुकानात कुणी सांगत नाही.

रेझिस्टर लावल्यावर आणखी एक गोष्ट हातची जाते. एलईडी मेला तरी रेझिस्टर करंट ओढत राहतो, डॅशबोर्डवरचा बाण नेहमीच्याच वेगाने लुकलुकतो आणि मागच्याला मात्र काहीच दिसत नाही. म्हणून अधूनमधून हॅझर्ड लावून गाडीभोवती चक्कर मारा. आणि भर पावसात हॅझर्ड लावून चालवायची जी पद्धत आपल्याकडे पडली आहे ती तर सोडाच. वळायचा इशारा त्यात दिसत नाही, आणि गाडीला असले रेझिस्टर असतील तर ते चोर्ल्याच्या पूर्ण घाटभर तापत राहतात. ज्यांनी आधीच बसवून घेतलेत त्यांनी आजच डिकीचा ट्रिम काढून आत बघावं. प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलंय का, टेप सुटलीय का, वायर कडक झालीय का. यातलं एक जरी दिसलं तरी रेझिस्टर काढून साधे बल्ब लावा. मी आता तेच वापरतोय. टेललॅम्पची काच आतून-बाहेरून पुसून घेतली आणि होल्डरचा गंज काढला, तर ते पावसातही पुरेसे दिसतात.

तक्रारीचं म्हणाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर फोन लागतो. दुकानदाराने तिथूनही दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, उत्तर आणि दक्षिण गोव्यासाठी वेगवेगळा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही. माझ्याकडे पक्कं बिल नसताना तारीख घातलेली चिठ्ठी, यूपीआयची नोंद, पट्टी शेजारी ठेवून काढलेले रेझिस्टरचे फोटो आणि फोंड्याच्या इलेक्ट्रिशियनने कामाचं लिहून दिलेलं बिल जोडलं. तक्रार गेल्याचं कळल्यावर दुकानातून फोन आला की जळलेले तुकडे घेऊन या, सगळे बदलून देतो. ते देऊ नका. आयोगासमोर ठेवायचा पुरावा तोच आहे. बदलून द्यायचं असेल तर तसं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा म्हणून सांगा, आणि तुकडे स्वतःजवळच ठेवा.